पट भरला नाही

जांभूळटोल्याच्या शाळेचे आठवड्यातले तीन दिवस सरकारने कापून टाकले आणि वर कागद असा धाडला, जणू गावावर उपकारच केले! शाळेचा पट बाराचा, म्हणजे रजिस्टरात पोरांची नावं बाराच. एवढ्याशा पोरांसाठी अख्खा मास्तर कायले? म्हणून उमेंद्र सर आता सोमवार, बुधवार, शुक्रवार इथे आणि उरलेले तीन दिवस नाल्यापलीकडच्या गावात. मंगळवार आला की शाळेला कुलूप.

शाळा समितीचा नंदलाल चारदा तालुक्याला जाऊन आला. गावाने सह्या केल्या, अंगठे दिले, एकदा तर बायका कचेरीच्या दारातच बसल्या. साहेब म्हणाला, "पट वाढवा, मग बोला." आता पट काय चुलीवर शिजवून वाढतो? नंदलालने तिथेच दोन शिव्या हासडल्या, पण त्या कोणी लिहून घेतल्या नाहीत.

दुर्पताला रागावायला सवडच नव्हती. तिला नुसती भीती वाटायची. नवरा केवलराम नागपूरकडे कामाला गेलेला. घरात ती आणि सात वर्षांची भूमिका. मार्च लागला, मोहफुलं गळू लागली. ऊन चढायच्या आत वेचली नाहीत तर गुरं खातात, नाही तर अस्वल. शाळा असली की सातच्या ठोक्याला पोरीला सरांच्या हवाली करायची आणि टोपली घेऊन निघायचं. शाळेला कुंपण होतं, सर होते, जीव थाऱ्यावर असायचा. पण मंगळवारी पोरीला ठेवायचं कुठं? सोबत न्यावं तर गेल्याच आठवड्यात मोहाखाली अस्वलाचे ताजे पंजे उमटलेले. आणि घरी एकटी ठेवावी तर ही बया एका जागी टिकेल तर शपथ!

त्या मंगळवारी तिने भूमिकाला शेजारच्या देवकाबाईच्या ओसरीवर बसवलं.

"आजीजवळून हालशीन तं टांग तोडीन," तिने दम भरला.

"मीबी येतो ना, माय."

"गप. अस्वल खाईन तुले."

टोपली अर्धी भरली असेल-नसेल, तोच शाळेची घंटा वाजली. घंटा म्हणजे कडुलिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. तिचा कायदा गावातलं शेंबडं पोरही जाणतं: मोजून दहा टोले पडले की शाळा, दहाच्या वर वाजतच राहिली की गावात जनावर घुसलं.

दुर्पता वाकल्या जागी थिजली आणि मोजू लागली. आठ. नऊ. दहा. घंटा थांबली. पोरं खेळत असतील म्हणून तिने पुन्हा वेचायला हात घातला, तर जरा वेळाने अकरावा टोला पडला, मग बारावा, तेरावा.

टोपली तिथेच टाकून ती पळाली. आसपासच्या बायकाही पळत होत्या, कोणाचा पदर काट्यात अडकला तर तो फाडून पळत होत्या. घंटा थांबायचं नाव घेत नव्हती. "बडादेवा, पोरगी सांभाळ, माही पोरगी सांभाळ," एवढंच तिच्या तोंडून निघत होतं.

शाळेपाशी पोचली तर जनावर नव्हतंच. खोलीला कुलूप, आणि बाहेरच्या ओट्यावर पोरं रांगेने मांडी घालून बसलेली. पाचवीतली सोनू लोखंडी सळईने रूळ बडवत होती. रडत होती आणि बडवत होती. कुऱ्हाड घेऊन धावत आलेल्या नंदलालने सळई हिसकली.

"काऊन व सोनू, मस्ती आली का? गावाचा जीव घेतं का?" त्याने हात उगारला.

"मी शाळा भरवाले दहाच मारले होते, काका," सोनू हुंदके देत म्हणाली. "पण अकराच आले. पट नाई भरला. बारा नाई भरले तं साहेब बाकीचे तीन दिवसबी नेईन ना! म्हणून वाजवूनच राहिली."

नंदलालचा हात खाली आला. चारदा तालुक्याला जाऊन आल्यावर तो गावात पटाचं जे सांगत होता, ते शेवटी या पोरीनेच मनावर घेतलं होतं. एक बाई हसायला लागली आणि हसता हसता रडली. दुर्पताचं मात्र कशातच लक्ष नव्हतं. ती एकेका पोराचं तोंड बघत होती, पुन्हा पहिल्यापासून बघत होती.

"बारावी कोण, व?" तिने विचारलं.

"भूमिका," सोनू म्हणाली.

तेवढ्यात देवकाबाई काठी टेकत, धापा टाकत आली. "दुर्पता व, पोट्टी तं तुह्याच मागं गेली! मले म्हणे, मायनं बोलावलं."

दुर्पता वळली आणि जंगलाकडे तोंड करून पोरीच्या नावाने ओरडू लागली. नंदलाल कुऱ्हाड सावरून निघालाच होता, इतक्यात नाल्याच्या बाजूने भूमिका पळत आली. फ्रॉकच्या ओच्यात मोहफुलं, तोंड लालबुंद. ओट्यावर चढून ती ओरडली, "हजर!"

दुर्पताने आधी एक ठेवून दिली, मग पोरीला छातीशी आवळलं.

"कुठं होती व तू, मेले?"

"तुह्या मागच्याच मोहाखाली. तुह्यासाठी फुलं वेचून राहिली होती." भूमिका गाल चोळत म्हणाली. "तिथं कोणाच्या तरी म्हशीची काळी वगार बसून फुलं खाऊन राहिली होती. मी तिले हाकलाले जाऊन राहिली होती, तं घंटा वाजली. वाजतच राहिली. मी मोजलेच नाई. मले वाटलं सर आले, म्हणून पळत आली."

"शिंगं होती तिले?" दुर्पताने विचारलं.

भूमिका जरा विचारात पडली. "नाई. केसच केस होते."

दुर्पताने पोरीचं मनगट पकडलं. सोनूने डोळे पुसले.

"काका, आता पट भरला," ती म्हणाली. "उद्या शाळा आहे ना?"

"उद्या आहे," नंदलाल म्हणाला.

"अन् परवा?"

नंदलालने दुर्पताकडे पाहिलं. तिने पोरीचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं, की भूमिका रडायला लागली. परवा गुरुवार होता.