नव्या चिपचा पत्ता

आत्याचं बोलणं यंत्रातून येतं. आजारपणात तिची वाचा गेली, हातपाय गेले. गालाशी टेकवलेलं बटण दाबून ती पडद्यावरची अक्षरं निवडते आणि यंत्र ती मोठ्याने बोलून दाखवतं. काल त्याच्या आतला सर्किट बोर्ड जळला आणि आत्या गप्प झाली. आपण विचारायचं आणि तिने डोळे मिटून ‘हो’ म्हणायचं, एवढंच उरलं.

दादाने आज सकाळी नवा बोर्ड तयार केला. मी त्यावर ऑपरेटिंग सिस्टीम चढवली. पडदा उजळला, अक्षरं आली, पण बटण काही केल्या दाद देईना.

“माझं सोल्डरिंग चोख आहे. तूच काहीतरी घोळ घातलायस,” दादा म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. “हो, सगळं माझ्याच माथी मार! बटण ओळखणारी चिप तीच बसवलीस ना?”

“तीच म्हणजे... तिची बहीण. जुनी मिळेना. जोडायचे पाय तर तेवढेच आहेत की!”

“आणि हे आत्ता सांगतोयस?”

सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टीमला स्वतःच्या अंगावर काय काय आहे याचा पत्ताच नसतो. काही भाग आपणहून नाव सांगतात, पण या चिपा मुखदुर्बळ. म्हणून एका फाइलीत सांगावं लागतं: या तारेवर, या पत्त्यावर, अमुक चिप आहे. जाग येताच सिस्टीम ते वाचते आणि मुकाट्याने खरं मानते. सकाळपासून ती बिचारी जुन्याच पत्त्यावर हाका मारत होती. बोर्ड थोडा बदलला तर फाइलीतल्या मूळ वर्णनाला हात लावायचा नाही, फरकापुरतं ठिगळ जोडायचं. इतकी वर्षं हे करतेय, तरी दर वेळी मी थक्क होते. चार ओळी लिहायच्या, आणि निर्जीव पाटीला स्पर्श कळायला लागतो!

मी ठिगळ लिहिलं: नवी चिप, नवा पत्ता. यंत्र पुन्हा सुरू केलं. पडद्यावर ओळी सरसर धावल्या आणि त्यांत एक दिसली, चिप सापडल्याची.

“दादा, ओळखलं रे सिस्टीमने!”

दादा भांडण विसरून खुर्चीमागे येऊन उभा राहिला. आत्याचा गाल हलला. एक अक्षर उमटलं, मग दुसरं.

“पाणी,” यंत्र म्हणालं. “कधीची तहान लागलीय.”

सकाळपासून आम्ही तिला उशी, खिडकी, दुखणं, सगळं विचारलं होतं. पाण्याचं कुणीच विचारलं नव्हतं.