मिठात ठेवलेलं मशीन

बायको चिमी वारल्यावर दोन महिन्यांनी हरिचंद्रचं कानाचं मशीन बंद पडलं. आता त्याच्याशी बोलणारं माणूस म्हणजे फोनवर बोलणारी त्याची लेक उन्नती, आणि तिचंच बोलणं ऐकू येईना. मशीनला घामाची ओल लागली असेल, असं त्याला वाटलं. बापजाद्यांची मिठागरं होती. मीठ ओल ओढतं हे त्याला ठाऊक होतं. त्याने मशीन तीन दिवस मिठाच्या बरणीत पुरून ठेवलं. तरी आवाज येईना, तेव्हा अंबरनाथहून उल्हासनगरच्या दुकानात नेलं.

दुकानदाराने ते उघडलं आणि तो हसत ओरडला, "काका, मशीनचं लोणचं घातलं काय? सगळं गंजलं ना!"

त्याने गंज खरवडला, नळीतून मळाचा बोळा काढला, नवा सेल घातला आणि मशीन हरिचंद्रच्या कानात बसवलं.

"आता?"

"येतंय."

"आधी साफ कोण करायचं?"

"बायको."

"मग काकूंना सांगा. रोज झोपताना ब्रशने मळ काढायचा, सेलचं दार उघडं ठेवायचं आणि कोरड्या डबीत ठेवायचं. मीठ नको."

"सांगतो," हरिचंद्र म्हणाला. मग चष्मा लावून पुढे वाकला. "पण एकदा करून दाखवा. हळू."