अपेक्षेचा रकाना

हिवाळ्यातल्या त्या शुक्रवारी हिंगणघाटच्या गिरणीच्या चाळीत ऊन नेहमीसारखेच आले. कुणाला न विचारता, कुणाला न उठवता. आधी ते खिडकीच्या गजांवर थबकले, मग चौकटीवरून ओघळून जेवणाच्या टेबलाच्या कडेला टेकले. जिनिंगचे दिवस होते. हवेत कापसाचे तंतू तरंगत होते आणि उन्हाच्या तिरप्या पट्ट्यात शिरताच एकेक तंतू क्षणभर उजळून नाहीसा होत होता. पट्टा सरकत सरकत भिजत घातलेल्या काळ्या मनुकांच्या वाटीपर्यंत पोचला, तेव्हा त्याचा रंग किंचित जांभळा झाला. एलिझर हे सारे अंथरुणात पडून पाहत होता. अठरा वर्षांच्या मुलाने इतका वेळ ऊन निरखावे याला बहुधा एकच कारण असते: त्याला उठून काहीतरी करायचे असते.

त्याला एक पत्र लिहायचे होते. आईबाबांनाच, याच घरात, दहा पावलांच्या अंतरावर. आपल्याला मुली नव्हे, मुलगे आवडतात, एवढाच मजकूर. शेजारच्या योगेंद्रचे नाव घालायचे की नाही, हे ठरत नव्हते. आणि घाई होती. रविवारी वधू-वर परिचय मेळावा होता, आणि त्याच्या पुस्तिकेत एलिझरचे नाव छापले गेले होते.

झिराडकरांचे घर हे गावातले एकमेव यहुदी घर. कोकणात त्यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी ते बंद ठेवीत, म्हणून तिथे त्यांना शनवार तेली म्हणत. एलिझरच्या आजोबांनी ही गोष्ट एकदा शेजारच्या नानाजींना सांगितली. नानाजी स्वतः तेली समाजाचे उत्साही चिटणीस. त्यांनी त्याच दिवशी हे घर आपल्यात जमा करून घेतले. प्रार्थना निराळी, सण निराळे, हे त्यांनी तीस वर्षे पाहिले होते. ‘कुलाचार तं घरोघरी येगळाच असते,’ असे ते म्हणत. कोजागिरीचे निमंत्रण दरवर्षी येई, आणि झिराडकर दरवर्षी जात. आता नानाजींनी प्रेमापोटी एलिझरचा फॉर्मही भरला होता. वय लिहिले होते एकवीस. ‘तीन वर्षं तं अशीच निंघून जातेत,’ हा त्यांचा खुलासा.

दिवसभरात एलिझरने पत्राचे तीन मसुदे केले आणि तिन्ही फाडले. एक फारच सुंदर झाला होता, म्हणून. चौथा सुरू करणार तोच आईने दिवे लावले. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, सुरू झाला. बाबांच्या, म्हणजे गिरणीतल्या शिमशोन मास्तरांच्या, घरात उद्या संध्याकाळपर्यंत कुणी लेखणीला हात लावणार नव्हते.

बाबांनी मनुकांच्या सरबतावर आशीर्वाद म्हटला, दोन चपात्यांवरचे फडके काढले. नारळाच्या रसातला रोहू ताटात पडतो न पडतो तोच नानाजी आत आले. मागे पुस्तिकांचा गठ्ठा घेतलेला त्यांचा नातू योगेंद्र. बावीस वर्षांचा, केसांत सरकीची धूळ. एलिझरने नजर ताटात पुरली.

“मास्टरसाब, जेवण चालू द्या,” नानाजी खुर्ची ओढत म्हणाले. “तुमच्या पोट्ट्याचा एक रकाना रिकामा छापला गेला. चूक मायीच. आज रात्री शुद्धिपत्र छापाले जाते.”

“नानाजी, आज आम्ही लिहीत नाही,” बाबा म्हणाले.

“मले मालूम नाई का? तुम्ही बोला, मी लिहतो.” त्यांनी खिशातून पेन काढले. “जोडीदाराविषयी अपेक्षा. बोल एलूभाऊ. शिकलेली पाह्यजे का घरातली? उंची?”

आई हसली. योगेंद्रही हसला, बोट पुस्तिकेच्या एका पानात तसेच अडकवून. एलिझरला वाटले, आपल्या तिन्ही मसुद्यांतले एक तरी वाक्य आठवावे. एकही आठवले नाही.

“जोडीदार म्हणून मला मुलगी नको,” तो म्हणाला. “मुलगा हवा. मला मुलगेच आवडतात.”

नानाजींनी सवयीने ‘मुलगा’ एवढे लिहिले आणि पेन थांबले. त्यांनी रकाना पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा रकाना पाहिला. चिटणीसपणाच्या तीस वर्षांनी त्यांना सावरले.

“समाजातलाच पाह्यजे,” त्यांनी हळूच विचारले, “का भायेरचा चालन?”

 मग आईने मोठा श्वास सोडला. “म्हणून तू वर्षभर माझी नजर चुकवत होतास? अरे, मला वाटलं, कारंज्याच्या धाब्यावर आपल्या रीतीनं न कापलेली कोंबडी खाल्लीस.”

“नाही खाल्ली.”

“शपथ?”

“शपथ, आई.”

“बरं,” ती म्हणाली, आणि मग तिला बाकीचे कळले. तिने पदर डोळ्यांना लावला. “मला थोडे दिवस लागतील रे. तू जेव.”

बाबा माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवीत होते. एक, मग दुसरा. गिरणीत दोनशे मागांच्या आवाजात एक तुटलेला धागा ओळखणारा माणूस. एलिझरला त्यांच्या शांततेचीच भीती होती.

“हे सांगायला शुक्रवारच सापडला?” त्यांनी विचारले.

“लिहून देणार होतो.”

“मग?”

“दिवे लागले, बाबा.”

बाबांनी त्याच्याकडे पाहिले. मिशीचे एक टोक हलले. “दिवे लागल्यावर लिहिलं नाहीस,” ते म्हणाले, “हे बरं केलंस.”

त्यांनी हात धुतले आणि बोटे पुढे केली. प्रार्थनेनंतर घरातल्या वडीलधाऱ्याने असा हात द्यायचा, धाकट्याने बोटांना बोटे लावून आपली बोटे ओठांना टेकवायची, ही त्यांची जुनी रीत. नानाजी आल्याने ती आज राहून गेली होती. एलिझरच्या बोटांना रस्सा होता. बाबांनी तो पुसायला सांगितले नाही.

“मंग मी रकाना रिकामाच ठेवतो,” नानाजी उठत म्हणाले. “छापणाराच्या माथी मारतो.”

“नावच काढा, नानाजी,” बाबा म्हणाले. “पण कोजागिरीला बोलवा.”

“थे का सांगा लागते?”

एलिझर त्यांना पोचवायला ओट्यापर्यंत गेला. नानाजी पुढे निघाले. योगेंद्र मागे रेंगाळला. 

“मले काऊन नाई सांगतलं बे?” योगेंद्र म्हणाला. “बापाच्या आंधी दोस्ताले सांगा लागते.”

“आता सांगितलं ना.”

“हौ. आता तुले बोलता येते.” त्याने बोट अडकवलेले पान उघडले, फोटोतली मुलगी कॅमेऱ्याकडे रोखून पाहत होती. “हर्षा. आर्वीची हाये. चार दिवसांपासून हेच पान पाहून राह्यलो मी. रविवारी मायासंगं येजो. तिच्यासमोर माया घसा बसन.”

“येतो,” एलिझर म्हणाला.

योगेंद्रने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, नेहमीसारखाच, आणि गेला. वेणा नदीच्या पुलावर सायकल थांबवून वाट पाहणे, डब्यातली अर्धी पोळी राखणे, हा खांद्यावरचा हात; तीन वर्षे एलिझरने या सगळ्याचे किती निरनिराळे अर्थ लावून पाहिले होते. अर्थ एकच होता. योगेंद्र त्याचा मित्र होता.