तीन परस पाणी

“मावशी, तुम्हाला पोहता येतं का?” — कंगव्याच्या दातात अडकलेल्या वाळूच्या एका कणाकडे बघताना गोजरला स्वतःचाच आवाज पुन्हा ऐकू आला, आणि तो आपलाच असूनही जरा मोठा, जरा धीट, दुसऱ्याच कुणा मुलीचा वाटला. कण पिवळा नव्हता, पांढराही नव्हता. शाळेच्या सहलीत अलिबागहून येऊन आज चौथा दिवस, दोनदा शिकेकाईनं केस धुतले, तरी हा कुठं लपून बसला होता कोण जाणे. तिसगावात असा कण सापडायचा नाही. आमची माती काळी, नाहीतर मुरमाड. ती नखात शिरते, टाचेच्या भेगेत बसते, पण केसात घर करून राहत नाही...

“आटप गं,” चुलीपुढून आई म्हणाली. “सकाळची शाळा हाय आज. आरशात काय बघती?”

“आरशात न्हाई. कंगव्यात.”

“कंगव्यात काय हाय?”

समुद्र हाय, असं म्हणावंसं वाटलं, म्हटलं नाही. आईनं परवाच समुद्राचा विषय मिटवून टाकला होता — बघितला ना एकदा, झालं, आता पुस्तकं काढ — जणू समुद्र म्हणजे लांबचं देवस्थान, नारळ फोडला, पाया पडलो, परत आलो. आणि गोजर चार दिवस एक वाक्य तोंडात धरून हिंडत होती, तोंडात पाणी धरून हिंडावं तसं. मला पोहायला शिकायचंय. आपल्या विहिरीत. एवढंच वाक्य. पण त्यातला ‘विहिरीत’ हा शब्द आमच्या घरात बायकांच्या तोंडून निघत नाही, आणि आप्पांच्या समोर तर नाहीच नाही.

वेणी घालता घालता ती परत वाळूवर पोचली. बाईंनी शिट्टी वाजवून सांगितलं होतं, गुडघ्याच्या पुढं कुणी जायचं नाही, आणि दहावीच्या तीस मुली परकर वर धरून बगळ्यांसारख्या उभ्या होत्या. काठावरचा एक म्हातारा म्हणाला, “दुपारी भरती हाय, पोरीन्नो, किल्ल्याकडं लांब जाऊ नका.” आणि छबू, जिचे दोन्ही भाऊ नगरला लष्कराच्या भरतीला जाऊन छाती अर्धा इंच कमी म्हणून परत आले होते, ती एकदम कान टवकारून म्हणाली, “इथं पण भरती हाय? छाती किती धरत्यात ओ बाबा?” म्हातारा बघतच राहिला. भूगोलाच्या बाई कपाळाला हात लावून वाळूत बसल्या. वर्षभर फळ्यावर खडूनं चंद्र काढून, बाण काढून भरती-ओहोटी शिकवलेली, ती अशी पाण्यात गेली. नीलांबरी इतकी हसली की तिची एक चप्पल लाटेबरोबर गेली ती गेलीच.

त्या हसण्यातूनच पुढचं निघालं. थोड्या अंतरावर मांडीभर पाण्यात एक बाई वाकून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, गोळा करत होती, पायांनी वाळू चाचपत, हातानं त्या टोपलीत टाकत. नीलांबरी पोस्टमास्तरांची मुलगी, तिचं वाचन दांडगं. ती म्हणाली, बायकांना मुळात तरंगताच येत नाही, लुगडं पाणी धरतं आणि हाडंही जड असतात. छबू म्हणाली, म्हशी तरंगत्यात, त्यांची हाडं काय कापसाची हायेत काय. शेवटी ठरलं, त्या बाईलाच विचारायचं. विचारणार कोण? दोघींनी माझ्याकडं बघितलं. विचारून दाखव, तुझ्यात दम असंल तर.

गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात हजेरीलासुद्धा ऐकू येईल असं ‘हजर’ म्हणत नव्हते. गोजर हे आजीचं नाव, सगळ्या वर्गात एकटीचंच असं जुनं; ते पुकारलं की मागच्या बाकावरून खुसखुस व्हायची. मग सहामाहीत गणितात पहिली आले आणि काय झालं ते झालं... आवाज सुटला. तेव्हापासून कुणी ‘दम असंल तर’ म्हटलं की पाय आपले आपणच चालू लागतात.

बाई सरळ उभी राहिली. काळीसावळी, हसरी, आईच्याच वयाची. प्रश्न ऐकून आधी तिला कळलंच नाही, कुणी ‘तुम्हाला भाकरी खाता येते का’ असं विचारल्यासारखं तिनं बघितलं.

“पोवता? नाय तर काय गो. तुला नाय येत?”

“नाही.”

“गावात पानी नाय तुझ्या?”

“विहिरी आहेत.”

“मग झाला तर. इरीत पोवायचा.”

“विहिरीत बायका उतरत नाहीत.”

“कधीच नाय उतरत?” बाईनं हसत विचारलं.

उतरतात, गोजरच्या मनात आलं. आमच्याकडं बायका विहिरीत उतरतात, पण एकदाच.

“गोजर,” नीलांबरीनं कोपरानं ढोसलं, “गणित कुठवर आलं?” वही पुढं होती, वर्ग होता, शनिवारची सकाळ संपत आली होती. फळ्यावरचं गणितही पाण्याचंच, एक हौद दोन नळांनी भरतो तर किती वेळात... तिनं ते दोन ओळींत सोडवलं आणि वही सरकवली. शाळा सुटल्यावर तिघी लिंबाखाली बसल्या.

“सांगितलंस घरी?” नीलांबरीनं विचारलं.

“न्हाई अजून.”

“सांगू पण नकोस. आमच्याकडे असतं ना, तर आईनं आधी विचारलं असतं, कोण होती ती बाई, आणि तू तिच्या हातावर आडवी कशी झालीस.”

“सांग की,” छबू म्हणाली. “लई तर लई काय हुईल, वरडतील. वरडणं काय, पाठीवरनं जातंय. पन ते आत्याचं...” छबूसुद्धा पुढं बोलत नाही अशी ती गोष्ट, पण गावात प्रत्येकाला माहीत आहे.

राहीआत्या. आप्पांची धाकटी बहीण. ती गेली तेव्हा मी तीन वर्षांची होते. मला तिचा चेहरा आठवत नाही, पण कुणीतरी आपल्याला खांद्यावर घेऊन हरभऱ्याच्या शेतातून चाललंय आणि सोल्यांचा हिरवा वास येतोय, एवढं आठवतं, आणि ती आत्याच असणार असं मी माझं मीच ठरवून टाकलंय. संक्रांतीला सासरहून आली होती. घरात म्हणतात, पाय घसरला. गावात म्हणतात, राहीनं विहीर जवळ केली. हे मी पाचवीत असताना बाजारात ऐकलं, भाजीवालीच्या पाटीमागं उभी राहून, आणि कितीतरी दिवस मला त्याचा अर्थच लागला नाही, कारण जवळ करतात ते लेकराला, माणसाला. तेव्हापासून आई आमच्या मळ्यातल्या त्या विहिरीचं पाणी पीत नाही, गावातल्या आडावरून दोन हंडे आणते. आणि कुणी विचारलं गोजर कुठंय, तर मी विहिरीपाशी असले तरी आई ‘मळ्यात हाय’ म्हणते. तो शब्द टाळून टाळून तिनं माझ्याभोवती एक कुंपण घातलंय, आणि मला ते आजवर दिसलंही नव्हतं.

टोपली खडकावर ठेवून त्या मावशीनं समुद्रात माझ्या पाठीखाली हात घातला तेव्हा ते दिसलं. “अंग सोड,” ती म्हणत होती, “सोड गो, दगडावानी होऊ नको.” कसं सोडायचं असतं अंग? पंधरा वर्षं आवरून धरायला शिकवलेलं — पदर नसला तरी पदर असल्यासारखं चालायचं, गुडघे जुळवून बसायचं. मग एकाएकी मान मागं गेली, कानांत पाणी शिरलं, बाईंची शिट्टी, मुलींचा कलकलाट सगळं बंद... फक्त स्वतःचा श्वास, आत, बाहेर, आणि वर एक भलंमोठं काहीही नसलेलं आभाळ. पाठीखालचा हात कधी निघाला ते कळलं नाही. पाच अंक होईतो, फार तर सात. तेवढा वेळ मला कुणीही धरलं नव्हतं आणि मी पडत नव्हते. मग हसू आलं, हसल्याबरोबर नाकातोंडात खारट पाणी, आणि उभी राहिले तर छबू टाळ्या पिटत होती आणि बाई लांबून येत होत्या, ओरडायला.

दुपारी ती आप्पांची भाकरी घेऊन मळ्यात गेली. गव्हाला पाणी चालू होतं, इंजिन भकभकत होतं, आप्पा बारं देऊन, पाटाचं पाणी वाफ्यात सोडून, विहिरीच्या काठाला टेकले होते. ती भाकरी ठेवून पहिल्या पायरीपाशी उभी राहिली. पाणी खाली हिरवंगार, एक पारवा भिंतीतल्या खोबणीतून फडफडत निघाला. भीती वाटेल असं वाटलं होतं. वाटली ती ओळख... हेही तेच, फक्त मिठाशिवायचं.

“माघारी सर,” आप्पा न बघता म्हणाले. ते नेहमीच असं म्हणतात, ‘राम राम’ म्हणावं तसं.

ती सरली नाही. “किती खोल हाय आप्पा?”

“सहा परस.”

“अन् पाणी?”

“तीन असंल.” मग तिनं विचारलं नसताना त्यांनी हात डोक्यावर ताठ वर केला. “येवढा येक परस. हात वर केलेला मानूस.”

तीन माणसं एकावर एक उभी, हात वर केलेली. ती मनात त्यांना रचू लागली. याच पाण्यात आप्पांनी दादाला सातव्या वर्षी पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून ढकललं होतं, आणि दादा रडत बोंबलत वर आल्यावर सगळा मळा हसला होता. तेव्हा आत्या होती. काठावर उभी राहून तीही हसली असेल. तिला कुणी डबा बांधला नाही. तिला पोहता येत असतं तर? म्हणजे तिनं बुडायचं ठरवलं असतं तरी हातापायांनी ऐकलं असतं का... गोजर तिथंच थबकली. हा विचार आप्पांनीही केला असेल. बारा वर्षं, रोज, इंजिन चालू करताना. म्हणून ते काठाला असे पाठमोरे टेकतात.

“काय बघती येवढं?” आप्पा म्हणाले. या वेळी ‘सर’ म्हणाले नाहीत.

“काही न्हाई. पाणी चांगलं हाय आपलं.”

त्यांनी मान फिरवून तिच्याकडं बघितलं आणि भाकरीचं फडकं सोडलं.

परत येताना तिला पळावंसं वाटलं आणि ती पळाली, बांधावरून, वेण्या पाठीवर आपटत. तोंडातलं वाक्य आता जड राहिलं नव्हतं. आई रडेल, आप्पा उठून जातील, दोन्ही होऊ शकत होतं. तरी आत कुठंतरी कानांत पाणी भरल्यासारखं शांत होतं.

दिवेलागणीला आप्पा हातपाय धुऊन आले, आईनं तव्यावर भाकरी टाकली. गोजरनं ताट घेतलं नाही. ती उभीच राहिली.

“आप्पा, मी पोहायला शिकणार हाय,” ती म्हणाली. “आपल्या विहिरीत. उद्या रविवार हाय, उद्यापासनं.”

भाकरी उलटायला गेलेला आईचा हात तव्यावर तसाच राहिला. आप्पा भिंतीकडं बघत होते. करपल्याचा वास सुटला.

“काय बोलती ही,” आई हळूच म्हणाली, त्यांना, तिला नाही. “कुनी इचारलं, पोर कुठं गेली, तर मी काय सांगायचं?”

“सांग की, गोजर विहिरीत उतरलीय,” गोजर म्हणाली. “अन् लगेच पुढं सांग, येईल आता वर, भूक लागली की.”