हेप्झिबाकाकूंचे तीन उपाशी दिवस

दुसरा कांदा चिरून झाला, तरी केझायाच्या डोळ्यांतून टिपूस निघेना. उलट तिला हसूच फुटलं.

“हसतेस काय, मेली!” शेजारच्या हेप्झिबाकाकूंनी तिच्या हातातली सुरी काढून घेतली. “उद्या चर्चच्या सगळ्या मंडळीपुढे उभं राहायचंय. पापाच्या भीतीनं काळीज कसं फाटलं ते सांगायचंय. अशी बत्तिशी दाखवलीस तर घेतील तुला?”

“पण काकू, माझं काळीज फाटलंच नाही. देव आहे, जोथम आहे, आता ही आलीय. सकाळी उठले की मला बरंच वाटतं.”

“बरं वाटतं म्हणे! बोलू नकोस हो कुणाजवळ.”

पाळण्यात तीन आठवड्यांची टॅमझिन झोपली होती. आमच्या गावचा नियम सरळ होता. आईबापांपैकी एकजण तरी मंडळीचा सभासद असल्याशिवाय लेकराचा बाप्तिस्मा होत नसे. आणि सभासद व्हायचं तर देवाची कृपा आपल्यापर्यंत कशी पोचली, हे भर सभेत सांगावं लागे. कृपेच्या आधी भीती हवीच. ती नसली तर कृपाही खोटी. केझायाचा नवरा जोथम थर्लो लाकडी वाडगे कातायचा, आणि वाडग्यांशीसुद्धा मोजकंच बोलायचा. सभेत उभा केला असता तर तिथेच कोसळला असता बिचारा. म्हणजे राहिली केझाया. बाळंतपणाआधी पाद्री क्रो दोनदा तिची तयारी पाहून गेले होते, आणि दोन्ही वेळा वही मिटून एकच म्हणाले होते, “थर्लोबाई, यात भीती कुठे आहे?”

“माझंच सांग,” काकू शेवटी म्हणाल्या. “तीन दिवस अन्न गोड लागलं नाही, घास घशाखाली उतरला नाही, नरकाची धग अंगाला जाणवत होती. सतरा वर्षांपूर्वी हेच सांगितलं मी. बायका हुंदके देत होत्या!”

“कुणाला आठवलं तर?”

“त्यातली निम्मी माणसं कबरीत गेली, आणि उरलेली तेव्हाही पेंगतच होती.”

सूर्य बुडाला की शब्बाथ, देवाच्या विसाव्याचा दिवस, लागणार. मग घरात कांदासुद्धा चिरायचा नाही. केझायानं घेवड्याचं मडकं भट्टीत सरकवलं, टॅमझिनला छातीशी घेतलं आणि ते तीन उपाशी दिवस पाठ करत बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या प्रवचनानंतर तिचं नाव पुकारलं. सभागृहात शेकोटी नव्हती. उघडेल त्या तोंडातून वाफ निघत होती.

“तीन दिवस मला अन्न गोड लागलं नाही,” केझायानं सुरुवात केली. “घास घशाखाली...”

ती थांबली. पुरुषांच्या बाजूला अगदी शेवटच्या बाकावर जोथम बसला होता. तिची भूक त्याला चांगली ठाऊक होती. इकडे काकूंच्या मांडीवर टॅमझिन मूठ चोखत होती.

“हे खोटं आहे,” ती म्हणाली.

तिनं पाद्रींकडे पाहिलं.

“माझा घास कधीच अडला नाही. काल मी दोन वाडगे घेवडा खाल्ला. आणि आज देवाच्या घरात उभी राहून खोटं बोलले. लेकीसाठी बोलले, पण बोललेच ना! मला फार भीती वाटतेय, पाद्रीबाबा.” तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि कांदा तर कुठेच नव्हता.

पाद्री क्रोंनी गोठलेल्या शाईवर फुंकर घातली.

“ही भीती कधीपासून?”

“आत्तापासून.”

त्यांनी लिहून घेतलं. मग मान वर केली. “आणि आधीचे शब्द? ते कुणाचे?”

केझाया जमिनीकडे पाहत राहिली. मागे बाक करकरला.

“माझे,” हेप्झिबाकाकू उभ्या राहिल्या. मग जरा घुटमळून म्हणाल्या, “म्हणजे, माझ्या सासूबाईंचे.”

निम्मी सभा आपापल्या बुटांकडे पाहत होती. मंडळीचा कारभार पाहणारे डीकन टिली तर वाकून बुटाचं बक्कल लावायला लागले, आणि ते काही केल्या लागेना.

“थर्लोबाईंना मंडळीत घ्यावं, असं कुणाला वाटतं?” पाद्रींनी विचारलं.

हात पुरुषांनीच वर करायचे असत. पहिला हात डीकन टिलींचा, तोही वाकलेल्या अवस्थेतच. मग बाकीचे भराभर उठले.

बाप्तिस्म्याच्या वाडग्यातल्या पाण्यावर बर्फाची खपली धरली होती. पाद्रींनी ती बोटानं फोडली आणि ते पाणी टॅमझिनच्या कपाळावर शिंपडलं. पोरीनं अशी किंकाळी फोडली की छपरावरची कबुतरं उडाली.

“हिचं आत्ताच लिहून घ्या, पाद्रीबाबा,” डीकन टिली म्हणाले. “भीती भरपूर आहे.”

देवाच्या घरात हसायचं नसतं. पाद्री क्रो भिंतीकडे तोंड करून बराच वेळ नाक पुसत राहिले.