धनश्रीच्या अंगातली देवी

सुरतेतल्या नवागामच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका पोरांना कडेवर घेऊन खुर्च्यांवर चढल्या होत्या. कापडाच्या लूमवरून सुटलेली माणसं घरी न जाता तशीच आली होती, केसांत धाग्यांचे तुकडे घेऊन. स्टेजवर योगेंद्र नावाचा मॅनेजर जाड तळव्यांच्या बुटांत इकडून तिकडे फिरत होता आणि त्याचं तोंड काही बंद होत नव्हतं.

"मायबाप हो, आतापर्यंत गायली ती धनश्री. आता गाणार साक्षात कानबाई. मोबाईल खुशाल वर धरा, पण फ्लॅश मारू नका. देवीला फ्लॅशचा त्रास होतो."

छाती दणाणून सोडणारे स्पीकर देवीला चालत होते, फ्लॅश तेवढा चालत नव्हता. मी मागच्या रांगेत बसून कपाळाला हात लावला.

मी इथल्या मराठी शाळेत विज्ञान शिकवते. धनश्री माझ्याच हाताखाली दहावी झाली. आता ती अहिराणी गाण्यांची स्टार आहे, उधन्यापासून धुळ्यापर्यंत एकही वरात तिच्या गाण्याशिवाय निघत नाही. श्रावणात खानदेशी लोकांच्या घरी कानबाई बसते, म्हणून योगेंद्रने तिचा दौरा आखला होता. आधी सुरतेच्या वस्त्या, मग कामरेज, आणि तिथून सगळा खानदेश. नाव ठेवलं होतं 'कानबाई स्वरयात्रा'. पोस्टरवर धनश्रीच्या डोक्यामागे तेजोवलय होतं आणि खाली एका फरसाणवाल्याची जाहिरात.

नाचाची गाणी संपली. स्टेजवर नारळ फुटला, त्याचं पाणी चारी बाजूंनी शिंपडलं गेलं. धनश्रीने पायातले जाडजूड स्पोर्ट शूज काढून बाजूला ठेवले. देवीचं गाणं कोण पायताण घालून म्हणेल? त्यात मलाही काही वावगं दिसलं नाही. तिने दोन्ही हातांनी माईक धरला, दुसरी ओळ सुरू करत ओल्या जागेवर पाय ठेवला आणि तिचं अंग ताठ झालं. मग ती थरथरायला लागली. घशातून जो आवाज निघाला तो गाण्याचा नव्हता.

"आली, आली, माय आली," म्हणत सगळं मैदान हात जोडून उभं राहिलं. पहिल्या रांगेतून तिची आई उषाबाई उठली आणि तिने स्टेजसमोर लोटांगण घातलं.

जरा वेळाने योगेंद्रने हिरवा रुमाल हवेत फिरवला. त्याबरोबर धनश्री मटकन खाली बसली. देवी गेली. तोवर मी गर्दीतून वाट काढत स्टेजपाशी पोचले होते, आणि मी पाहिलं की स्टेजच्या कोपऱ्यात साउंडवाल्या भटूसमोरच्या अँप्लिफायरचा लाल दिवाही त्याच क्षणी गेला होता. भटूच्या हातात उपसलेला प्लग होता, एक पिन तोडलेला. देवीचं येणं-जाणं भटूच्या प्लगवर कसं काय अवलंबून असेल, हा प्रश्न त्या गर्दीत फक्त माझ्याच डोक्यात आला असेल तर मग मी आणि माझ्यासारख्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं तरी काय?

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. उषाबाई दारातच म्हणाली, "टीचर, तुम्ही बी पाया पडी ल्या. मन्ही पोर आते मन्ही नही राहिनी, माय कानबाईनी व्हई गयी." ही बाई जन्मभर लूमच्या कारखान्यात बॉबिन भरत आली. कुणी तिला कधी बस म्हटलं नव्हतं. आता गल्लीतल्या बायका तिला पाटावर बसवून तिच्याकडून अंगारा मागत होत्या.

आई चहा ठेवायला आत गेली तेव्हा मी धनश्रीला विचारलं, "झटका बसतो ना गं?"

तिने मान खाली घातली. "बसतो टीचर. पहिल्यांदा बसला तेव्हा मी खरंच ओरडले. मला वाटलं, मेले. डोळे उघडले तर आई माझ्या पायावर डोकं ठेवून रडत होती."

"मग सांगायचं नाही?"

"योगेंद्रभाईला सांगितलं. तो म्हणाला, आता असंच ठेवू, लोकांना आवडलंय. एवढासाच झटका आहे, काही नाही होत."

"आणि आईला?"

"तिला काय सांगू? पायताण घालून देवीचं गाणं म्हणते असं सांगू? की देवी नव्हतीच, असं सांगू?" ती आतल्या खोलीकडे बघत हळूच म्हणाली, "तिला एवढं खूश मी कधीच बघितलं नाही टीचर."

मला तिचा राग आला आणि कीवही आली. मी तिला फळ्यावर समजावते तसं सगळं समजावलं. भटूच्या जुन्या अँप्लिफायरला तीन पिनांचा प्लग आहे. स्पीकर गुणगुणतो म्हणून त्याने तिसरी पिन, म्हणजे अर्थिंगची, तोडून टाकलीय. आत गळणारी वीज त्या पिनेतून जमिनीत जायची, तिला आता वाट उरली नाही. ती डब्याच्या पत्र्यात उतरते, तिथून वायरीतून माईकच्या धातूच्या अंगात येते आणि वाट बघत बसते. रबरी तळव्याचे बूट असले की तिला पुढे जाता येत नाही. बूट काढून नारळाच्या पाण्यावर उभं राहिलं की तूच तिची वाट होतेस.

"आज थोडी गळतेय म्हणून तू जिवंत आहेस," मी म्हटलं. "जास्त गळाली की बोटं माईकला आवळली जातील, सोडता येणार नाहीत."

तिने ऐकून घेतलं. त्यापलीकडे काही केलं नाही.

सुरतेतल्याच कतारगामच्या कार्यक्रमाला मी पर्समध्ये टेस्टर घेऊन गेले. देवीचं गाणं सुरू व्हायच्या आत सरळ स्टेजवर चढले आणि सगळ्यांसमोर टेस्टर माईकला लावला. लाल दिवा पेटला.

"नीट बघा," मी ओरडून सांगितलं, "माईकमध्ये वीज उतरलीय. ही पोरगी मरेल."

योगेंद्र क्षणभर पांढरा पडला. मग त्याने तोच माईक उचलला, अर्थात पायात बूट होतेच, आणि हसून म्हणाला, "बघा मायबाप, देवीचं तेज शाळेच्या बाईंच्या टेस्टरलासुद्धा दिसलं. नास्तिकाच्या हातात दिवा पेटला. बोला, कानबाई माता की..."

जयजयकारात माझं पुढचं बोलणं कुठल्या कुठे गेलं. मला हाताला धरून खाली आणणारा तरुण माझाच जुना विद्यार्थी होता. "टीचर, जाऊ द्या ना," तो अजिजीने म्हणाला. "एवढ्या लोकांना खोटं कसं दिसेल?" विजेचा धडा त्याने माझ्याकडूनच पाठ केला होता. मी हात सोडवून घेतला आणि घरी आले. काय करणार होते?

कामरेजचा कार्यक्रम उघड्यावर होता. दुपारभर पावसाची भुरभुर चालली होती, स्टेजवरचा गालिचा पिळून काढावा इतका भिजलेला होता. मी आधीच जाऊन भटूला गाठलं, हात जोडले. म्हटलं, आजच्या दिवस तरी प्लग बदल. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई, मला जे सांगतात ते मी करतो. रुमाल दिसला की प्लग काढतो. अजून कुणाला काही झालंय का?" आयोजकांकडे गेले, तर त्यांनी मला प्रसाद दिला.

धनश्रीने बूट काढले. माझ्याकडे एकदा बघितलं आणि माईक धरला. या वेळी दुसरी ओळसुद्धा आली नाही. तिचं अंग कमानीसारखं मागे गेलं, तोंड उघडं राहिलं, आवाज नाही. बोटं माईकभोवती आवळलेली. हजारो लोक हात जोडून उभे राहिले, पहिल्या रांगेत उषाबाईही. भटू रुमालाची वाट बघत होता. आणि योगेंद्र रुमाल काढेना. सगळं मोबाईलवर थेट दाखवलं जात होतं, त्याला वाटत होतं आज देवी जरा जास्त वेळ थांबतेय, थांबू दे.

"प्लग काढ," मी ओरडत धावले. स्वयंसेवकांनी मला अडवलं. "बाई, देवीच्या आड येऊ नका." मी एकाला चावले. होय, चावले, आणि त्याची मला लाज वाटत नाही. बोर्डापर्यंत पोचून मी वायर उपसली तेव्हा धनश्री लाकडासारखी खाली कोसळली. लोक अजून जयजयकार करत होते.

ती वाचली. उजव्या हाताची दोन बोटं डॉक्टरांना काढावी लागली, छातीचे ठोके अजून मधूनच चुकतात, आणि माईक दिसला की ती भिंतीकडे तोंड फिरवते. दौरा तिथेच संपला. खानदेशातल्या पोस्टरांवर पट्ट्या चिकटल्या: 'देवीच्या कोपामुळे कार्यक्रम रद्द'. योगेंद्रचा फोन बंद आहे. पोलीस जबाब घ्यायला वस्तीत आले तर कुणी पुढे येईना. एक म्हातारा मला म्हणाला, "देवीविरुद्ध कोण बोलेल, टीचर?" मी विजेविरुद्ध बोलायला सांगत होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी उषाबाईला सगळं समजावलं. मी सांगितलं होतं तेच. डॉक्टर गेल्यावर ती मुलीच्या बँडेज बांधलेल्या हाताकडे बघत बसली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "म्हणजे टीचर, मन्ही पोर तडफडी ऱ्हायनी व्हती, नि मी हात जोडीसन उभी ऱ्हायनू?"

तिचा हा प्रश्न मी घरी घेऊन आले.

म्हणून जे ऐकतील त्यांना सांगते. कानबाई बसवा, गाणी म्हणा, रोटांचा नैवेद्य करा, माझं त्याच्याशी भांडण नाही. पण समोर कुणी थरथरताना दिसलं तर हात जोडण्याआधी स्विच बंद करा. देवी असेल तर अंधारात जरा वेळ थांबेल. माणूस असेल तर वाचेल.