सगळ्या गल्ल्यांना एकदम

मी चावी बोलतेय. खिसे चाचपू नका, मी तिथे मावणार नाही. माणसाच्या छातीएवढी उंच लोखंडी कांब, वर धरायला आडवा दांडा, खाली चौकोनी तोंड. रस्त्यावरचं झाकण उचलून मला आत सोडतात आणि फिरवतात, की त्या गल्लीतले नळ आधी खोकतात, मग पाणी देतात. सकाळी तुम्ही तोंड धुता ते माझ्या कृपेने. आभार राहू द्या, इतकी वर्षं कुठे मानलेत!

लोहाराने मला घडवलं तेव्हा म्हणाला होता, "ही काही वाकायची नाही." नाहीच वाकले. वाकला तो माझा माणूस.

माझा माणूस म्हणजे नगरपालिकेचा चावीवाला. घरात बायको, म्हातारी आई आणि खोली एकच. म्हातारीचं अंथरूण स्वयंपाकाच्या ओट्याखाली. पाय लांब केले की भांडी वाजतात. पगार वाढला की दोन खोल्यांचं घर घ्यायचं, हे घरात पक्कं ठरलंय. बायकोने दुसऱ्या खोलीचा पडदासुद्धा शिवून ठेवलाय. खोली नाही, पण पडदा आहे!

आता ही वाढ द्यायची कुणी? मी तीन राज्यं पाहिली.

आधी मोठे साहेब ठरवायचे. तेव्हा साहेबांच्या गल्लीत मला फिरवलं की माझ्या माणसाला हटकून कुणीतरी ओळखीचं भेटायचं. गप्पा संपेपर्यंत पाणी चालू. साहेबांच्या बागेतलं गवत रोज न्हाऊन-माखून उभं! साहेबांनी तोंडातून शब्द काढला नव्हता हो. काढावाच लागत नाही, हीच तर गंमत.

मग नगरसेवक टेबलं बडवून म्हणाले, "पगार आम्ही ठरवणार!" झालं. साहेबांचं गवत पिवळं पडलं आणि नगरसेवकांच्या दारातल्या मोटारी चकचकायला लागल्या.

शेवटी लोकच खवळले. "पैसा आमचा, वाढ आम्ही ठरवू." नवा नियम निघाला. कामगाराने सभागृहात उभं राहायचं आणि गावाने हात वर करायचे. जास्त हात वर झाले तर वाढ.

"बरं झालं बाई," बायको म्हणाली. "तुम्ही किती राबता ते लोक बघतातच."

"लोक नळ बघतात गं," ओट्याखालून म्हातारी बोलली. "आला का नाही, एवढंच."

तेव्हापासून माझ्या माणसाची झोप उडाली. झाकण उचललं की वर खिडकी उघडायची. खालच्या गल्लीतला न्हावी डोळा मारून म्हणायचा, "सभा आलीय हं चावीवाले! आज जरा हात सैल सोडा." मधल्या गल्लीतली शिंपीण म्हणायची, "भाऊ, आम्हाला विसरू नका, आम्हीही नाही विसरायच्या." आणि वरच्या चढावरच्या शिक्षिकाबाई, ज्यांच्याकडे तिन्ही राज्यांत पाणी धापा टाकत पोचलं, त्या म्हणाल्या, "आमच्या गल्लीतल्या माणसांना हात नाहीत का हो?"

तो सगळ्यांना हो म्हणायचा. मला धरलेले त्याचे तळवे घामाने ओले असायचे. मी घसरायचे.

सभेच्या दिवशी पहाटे त्याने खालची गल्ली उघडली. नेहमीची रीत अशी, की ती भरली की बंद करायची, मग मधली, मग वरची. टाकीला जोर एका वेळी एका गल्लीपुरताच. पण त्या दिवशी तो खालची बंद करेना. न्हावी रुसला तर? तशीच चालू ठेवून त्याने मधली उघडली. ती बंद केली तर शिंपीण रुसेल, म्हणून तीही चालूच ठेवली आणि धावत चढावर जाऊन वरची उघडली. मी जीव तोडून कुरकुरले. त्याला वाटलं, तेल हवंय.

मग काय व्हायचं ते झालं. खाली दोऱ्याएवढी धार, मध्ये थेंब, वर नुसती हवा. शिक्षिकाबाईंच्या नळाने शीळ घातली म्हणे.

सभेला अख्खं गाव पारोसं आलं. न्हाव्याच्या गालावर साबण वाळलेला. माझा माणूस घाईत मलाही घेऊन आला होता आणि माझ्याच आधाराने उभा होता.

"वाढीच्या बाजूने हात वर करा," अध्यक्ष म्हणाले.

हात वर झाले दोन. दोन्ही म्हातारीचे.

"आजी, एकच करायचा."

"दुसरा सुनेचा आहे. ती लाजते."

हशा पिकला. शिक्षिकाबाई मात्र हसल्या नाहीत. "सगळं एकदम का सोडलंत?" त्यांनी विचारलं.

तो घुटमळला. "बाई, कुणाला थांबवू तेच कळेना. साहेब होते तेव्हा एकाच घराची भीती होती. आता प्रत्येक खिडकीची वाटते."

न्हाव्याने गालावरचा साबण खरवडला आणि म्हणाला, "मग वाढ ठरवायची तरी कुणी?"

"ज्याला तहान लागत नाही त्याने," म्हातारी म्हणाली.

असा माणूस गावात सापडेना, म्हणून सभा तहकूब झाली. अजून तहकूबच आहे. पडद्याची घडी तशीच, ओट्याखाली भांडी वाजतात आणि मी दाराआड उभी आहे.

मंडळी, साहेबांना तहान लागते, नगरसेवकांना लागते, तुम्हाला तर सकाळ-संध्याकाळ लागते. मला लागत नाही. उभा जन्म पाण्यात तोंड घालून काढला, पण एक घोट प्यायले नाही. मग एकदा मलाच विचारा की! हात वर करायला मला हात नाहीत, दांडा आहे. तोही एका अंगाला झिजलाय, त्याच्या तळव्याने.

पण विचारा लवकर. उजाडायला आलंय. तो मला उचलेल, आणि नळाला पाणी यायच्या आधीच त्याचे तळवे ओले झालेले असतील.